पन्हळीवरची जाळी

श्रोतेहो, नमस्कार.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली. निंबाला बांधलेले झोके उतरले, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्या. आता मृगाकडे डोळे लागले आहेत. बियाण्याची आणि खताची धावपळ घरोघर असणार. त्या धावपळीतून एक सकाळ घराच्या छपरासाठी काढा, एवढं सांगायला मी आज तुमच्यासमोर बसले आहे. छपराची पन्हळ, आणि तिच्यात पालापाचोळा जाऊ नये म्हणून बसवायची जाळी, हा आजचा विषय.

आमचं जुनं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं होतं. उन्हाळा सरत आला की आजेसासूबाईंचा आवाज यायचा, "पानी येवाना पहिले धाबं दखी ल्या रे!" मग धाब्यावर खारी माती पसरायची, उंदरांची बिळं बुजवायची आणि पन्हळ्यांची तोंडं मोकळी करायची. तिथे जाळी नव्हती, पण दरवर्षी कोणाचा तरी हात फिरायचा. पुढे पत्रे आले, स्लॅब आले, आणि वर जायची सवय सुटली.

काही वर्षांपूर्वी आम्ही पत्र्याच्या शेडला पन्हळ लावली आणि पाणी बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं. शेडवर मोठा निंब आहे, म्हणून जाळीही आणली. दुकानात सगळ्यात बारीक जाळी दाखवली गेली, महाग होती, आणि बारीक म्हणजे चांगली असं समजून मी तीच घेतली. जूनचा पहिला मोठा पाऊस आला. मे महिन्यातल्या वावटळींनी जाळीवर धुळीचा थर दिला होता. त्याचा क्षणात चिखल झाला, भोकं लिंपली गेली आणि पाणी जाळीवरून घसरत थेट भिंतीवर कोसळलं. भिंतीशी रचलेली मक्याची पोती भिजली. घरच्यांच्या वर्षभराच्या कष्टाचा तो मका होता, ते दुःख मनातून गेलेलं नाही. त्यानंतर मी प्रत्येक पावसात छत्री घेऊन पन्हळीखाली उभी राहिले आणि पाणी कसं वागतं ते पाहत गेले.

बारीक जाळी वाईट नाही. जिथे वर्षात चार ऋतू होतात, बर्फ पडतो, सूचिपर्णी झाडांच्या सुयांसारख्या पानांचा खच पडतो, तिथे ती उपयोगी पडते. त्या सुया मोठ्या भोकातून सहज आत जातात. शिवाय तिथे वितळलेलं पाणी पन्हळीत पुन्हा गोठतं आणि त्या भाराने जाळी वाकते, म्हणून तिचा मजबूतपणा पाहावा लागतो. आपल्याकडे बर्फाची चिंता नाही. आपली चिंता आहे धूळ, पंचेचाळीस अंशांचं ऊन आणि धो धो कोसळणारी सर. म्हणून जाळी निवडण्याआधी आपल्या छपरावर वर्षभर काय पडतं ते बघा. निंब असेल तर फाल्गुनात पान गळतं, चैत्रात मोहर गळतो, आणि निंबोळ्या तर ऐन पाऊस सुरू होताना गळतात. बाभूळ किंवा गुलमोहर असेल तर त्यांची इवलीशी पानं बहुतेक जाळ्यांतून खाली जाणारच. पिंपळाचं एक पान मात्र तळहाताएवढं. ज्यांच्या अंगणात कापूस उतरतो, त्यांच्या पन्हळीत कार्तिकापासून तंतू अडकतात, ते वेगळंच.

पाणी किती येतं याचाही हिशेब करा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. शंभर चौरस मीटरचं छप्पर आणि तासात 50 मिलिमीटरची सर धरली, तर तासाला 5,000 लिटर, म्हणजे मिनिटाला ऐंशीहून जास्त लिटर पाणी त्या जाळीतून उतरायला हवं. जळगावकडे वर्षाला साधारण 700 मिलिमीटर पाऊस धरला, तर याच छपरावर 70,000 लिटर पडतात. थोडं उडालं, थोडं सांडलं तरी उरलेलं पाणी सोडून देण्याजोगं नाही. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हे पटवावं लागत नाही.

माझं मत सांगते. वर अ‍ॅल्युमिनियमची, चार-पाच मिलिमीटर भोकांची जाळी लावा. निंबोळी, निंबाचं पान, पिंपळाचं पान वरच राहतं आणि धूळ पाण्याबरोबर निघून जाते. बारीक गाळणी हवीच असेल तर ती खाली, पाइपाच्या तोंडाशी, उभ्या माणसाचा हात पोचेल तिथे लावा. खालची गाळणी पावसातही काढून धुता येते, वरची येत नाही. नायलॉनची हिरवी जाळी स्वस्त मिळते, पण उन्हाने कडक होऊन तिचे तुकडे पन्हळीतच पडतात. स्पंजाच्या पट्ट्या तर मुळीच घेऊ नका. त्या धूळ आणि ओल धरून ठेवतात, आणि पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं पिंपळाचं बी तिथे रुजतं.

जाळी आडवी सपाट टाकू नका. पत्र्याचा जो उतार आहे तोच तिला द्या, म्हणजे सुकलेला पाला वाऱ्याने खाली जातो. रिव्हेट मारून कायमची बंद करू नका, क्लिपवर बसवा. आणि पन्हळीलाच दहा फुटांना अर्धा इंच उतार नसेल तर कोणतीही जाळी कामाची नाही. पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास तयार होतात. पन्हळ पीव्हीसीची असेल तर सांध्यात थोडी जागा सोडायला सांगा. दहा फुटांचा तुकडा हिवाळ्याची पहाट आणि वैशाखाची दुपार यांच्यात जवळपास सेंटिमीटरभर लांबतो.

ज्यांचं घर स्लॅबचं आहे, त्यांनी पाइपाच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर ती आजच बदला. पिंपळाची दोन पानं तिच्यावर चिकटली की सगळा स्लॅब तळं होतो. तिथे घुमटासारखी उठावदार जाळी हवी. पानं तिच्या पायाशी अडकली तरी पाणी वरच्या भोकांतून जातं.

जाळी लावली म्हणजे सफाई संपली, असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पांझरा नदीच्या काठी फड बागायतीत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने सगळ्यांनी वाटून घ्यायच्या जुन्या पद्धतीत, पाणी यायच्या आधी पाट साफ करायची रीत आहे. छपराचंही तसंच करा. मृगाआधी एकदा, आणि श्रावणात कानबाई देवी बसायच्या आसपास एकदा. शिडी खाली कोणीतरी धरलेली असू द्या, ओल्या पत्र्यावर पाय ठेवू नका, आणि विजेची तार जवळून जात असेल तर लोखंडी शिडी लावू नका.

नवी जाळी बसवून झाली की पैसे देण्याआधी मिस्त्रींना थांबवा. जाळीवर मूठभर माती आणि निंबाचा पाला टाका, आणि वरून दोन बादल्या पाणी जोरात ओता. भिंत कोरडी राहिली पाहिजे.

नमस्कार.