चकाकी येते ती पेपरावर

हे मोटारसायकलचं क्लच कव्हर, म्हणजे इंजिनाच्या बाजूचं क्लचवरचं झाकण, ॲल्युमिनियमच्या ओतकामाचं. कारखान्यातून निघाल्यावर त्यावर पारदर्शक लॅकर होतं. ते आता पिवळं पडलंय आणि स्क्रूच्या भोकांपासून पांढऱ्या, नागमोडी रेघा पसरल्यात. दगड लागून लॅकरचा टवका उडाला, की ओल आत शिरते आणि गंज लॅकरच्या खालून पुढे सरकतो. वरून पॉलिश चोळून काही होत नाही, कारण डाग आत आहे.

तेव्हा आधी लॅकर काढायचं. त्यासाठी पेंट रिमूव्हर पुरतो. हातात रबरी मोजे हवेत, डोळ्यांना चष्मा आणि काम मोकळ्या हवेत. कॉस्टिक सोड्याच्या वाटेला मात्र जाऊ नका. लॅकरबरोबर तो ॲल्युमिनियमही खातो, वर हायड्रोजन सुटतो.

आता वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा पॉलिश पेपर. नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक. 320 पासून सुरुवात, मग 400, 600, 800, 1000, 1500. पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकले की पेपर भरत नाही. 320 आडवा फिरवला असेल, तर 400 उभा फिरवायचा; आधीचे चरे पूर्ण गेले, की पुढचा नंबर.

इथे बॅटरीचा उजेड तिरका पाडलाय. 600 च्या बारीक उभ्या रेघांमधून एक खोल आडवी रेघ गेलेली दिसते? ती 320 ची. म्हणजे परत 400 वर यायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. बहुतेक जण इथेच वैतागून बफ, म्हणजे चकाकी आणणारं फिरतं कापडी चाक, चालू करतात. बफने चरा जात नाही, उलट आरशासारख्या पृष्ठभागावर तो जास्तच उठून दिसतो.

बफिंगला त्यामानाने वेळ कमी लागतो. चाकाला आधी तपकिरी साबण (पॉलिशची घट्ट वडी) लावायचा, मग पांढरा. कव्हर चाकाच्या मध्याखाली धरायचं आणि चाक कडेवरून बाहेरच्या दिशेने जाऊ द्यायचं. कड समोरून चाकात अडकली, तर कव्हर हातातून उडतं. उठावाच्या अक्षरांवर रेंगाळू नका, धार जाते आणि अक्षरं साबणाच्या वडीवरची वाटू लागतात.

ज्या ग्राइंडरवर लोखंड घासलंय, त्यावर हे काम नको. ॲल्युमिनियमची भुकटी आणि गंजाची पूड एकत्र साठली, की एखादी ठिणगी महागात पडते. काही गाड्यांची कव्हरं मॅग्नेशियमची असतात. ती घरी घासूच नयेत. त्याची भुकटी पेटली, तर पाण्याने आग आणखी भडकते.

चकाकी आल्यावर परत लॅकर मारायचं का? आमचं मत, नाही. इतक्या गुळगुळीत धातूवर ते नीट धरत नाही, आणि टवका उडाला की पुन्हा पहिलंच दुखणं. त्यापेक्षा मेण लावा आणि चकाकी मंद झाली की धातूच्या पॉलिशने पुसा. फडकं काळं होईल, ते मळामुळे नव्हे. तो काळेपणा ॲल्युमिनियमचाच.

कव्हर बसवताना त्याच्या आणि इंजिनाच्या मधलं पॅकिंग (गॅस्केट) नवं घ्या. पॅकिंग टेकते त्या सपाट कडेला पेपर लागलेला नसावा, नाहीतर तिथून ऑइल झिरपेल. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे करून आवळा.