व्हिनाइल निघेल हो, खालचं लाकूड वाचलं पाहिजे

नमस्कार मंडळी. (हातातली पट्टी कॅमेऱ्यासमोर) लाकडी जमिनीवर चिकटवलेल्या जुन्या व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकसारख्या फरशीची, ही पट्टी मी आत्ता ओढून काढली. वरचा नक्षीचा थर सुर्रकन निघाला. पण खाली हा जो करडा, कागदासारखा थर राहिलाय ना, त्याने मागच्या वेळी माझे दोन दिवस खाल्ले. चूक माझीच. तो कोरडाच खरवडत बसलो होतो.

ते सांगतोच. पण स्क्रॅपर हातात घेण्याआधी एक गोष्ट, आणि ही पुढे ढकलू नका. फरशी 1980च्या दशकातली किंवा त्याआधीची असेल, तर आधी थांबा. त्या काळी व्हिनाइलच्या लाद्यांत, शीटच्या मागच्या कागदी थरात आणि काळ्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज घालत असत. 9 इंच बाय 9 इंचाच्या लाद्या दिसल्या तर संशय जरा जास्तच घ्यायचा. नुसतं बघून मात्र ते ओळखता येत नाही. मला येत नाही, आणि ‘मी इतक्या फरश्या काढल्यात’ म्हणणाऱ्यालाही येत नाही. नमुना प्रयोगशाळेत तपासला तरच कळतं, आणि लादीचा नमुना वेगळा, गोंदाचा वेगळा द्यायचा.

एवढं कशाला? तर ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार वर येतो वीस-तीस वर्षांनी. म्हणून अहवाल येईपर्यंत घासायचं नाही, सँडर लावायचा नाही, कोरडं खरवडायचं नाही. ॲस्बेस्टॉस निघालं आणि फरशी अखंड, घट्ट असेल, तर तिच्यावरच नवी फरशी घालणं बहुतेक वेळा शहाणपणाचं. काढायचीच झाली तर ते परवानाधारक लोकांचं काम. हा व्हिडिओ त्यासाठी नाही.

अहवाल स्वच्छ आला? मग आता खाली काय आहे ते बघू. (कॅमेरा जमिनीजवळ) दाराच्या उंबऱ्यापाशी कडा उघडी असते, तिथे थर मोजा. बऱ्याचदा व्हिनाइल थेट मूळ फळीवर नसतं. मध्ये 6 मिलिमीटरचं वगैरे पातळ प्लायवूड पिनांनी ठोकलेलं असतं. तसं असेल तर तुमची लॉटरी लागली! गोंदाशी झटापट करूच नका. सर्क्युलर सॉचं (गोल पात्याच्या विजेच्या करवतीचं) पातं बरोबर व्हिनाइल आणि प्लाय मिळून होणाऱ्या जाडीएवढंच खाली ठेवा, दोन-दोन फुटांचे चौकोन कापा आणि पहारीने व्हिनाइलसकट उचला. खिळ्याला लागलं तरी टिकेल असं पातं घ्या, डोळ्यांवर गॉगल लावा. उरलेल्या पिना पकडीने ओढायच्या. हे काम कंटाळवाणं आहे खरं, पण सोपं.

मध्ये प्लाय नसेल, तर मात्र खरवडण्याला पर्याय नाही. कडेच्या पट्ट्या काढा, व्हिनाइलवर सहा-सहा इंचांवर कटर चालवा. हात हलका ठेवा, नाहीतर लाकडावर कायमच्या रेघा उमटतात. पट्टी हटत नसेल तर हीट गन, ती नसेल तर हेअर ड्रायर. एका जागी धरून ठेवायचं नाही, फिरवत राहायचं. गोंद च्युइंगमसारखा ताणायला लागला की ओढा. धूर दिसला तर तुम्ही गोंद जाळताय.

आता तो करडा थर. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका, फडकं भिजवून पिळा आणि त्यावर पसरा. पंधरा-वीस मिनिटं चहा-बिहा प्या. थर लगद्यासारखा होतो आणि स्क्रॅपरखाली गुंडाळत येतो. मी दोन दिवस घाम गाळला तो या वीस मिनिटांच्या अज्ञानापायी.

पण पाणी ओतायचं नाही हं, नुसतं ओलं करायचं, आणि तेही हातासरशी उरकेल एवढाच तुकडा. खालची जमीन प्लायवूडची असेल, तर ती थोडं पाणी सोसते. भुशाच्या दाबीव पार्टिकल बोर्डाला पाणी लागलं की ते फुगतं आणि सुकलं तरी पूर्ववत बसत नाही. तिथे फक्त उष्णता वापरा. तेवढ्याने नाही निघालं, तर बोर्डच बदललेला परवडतो.

स्क्रॅपर जमिनीला जवळपास टेकलेला ठेवा आणि लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच न्या. (फळीवर बोट ठेवून) हा खड्डा बघा, तळहाताएवढा. आडवा जोर लावला आणि प्लायचा वरचा पापुद्रा उचकटून आला. लाकडाच्या भरावाने बुजवलाय, पण मला दिसतोच.

गोंद विरघळवणारी रसायनं? मी टाळतो. बरीचशी पेट घेतात, वास डोक्यात जातो, आणि लाकडात मुरली की नवा गोंद धरत नाही. सँडपेपरचाही उपयोग नाही, चिकट गोंदाने मिनिटभरात तो बुजतो.

शेवटी थोडा गोंद राहतोच. बोटाला चिकटत असेल तर त्याच्यावर थेट नवं व्हिनाइल टाकू नका, जुन्या गोंदाचे डाग कालांतराने वर उमटू शकतात. नव्या फरशीच्या डब्यावर काय लिहिलंय ते वाचा, तळ किती साफ हवा ते तिथेच असतं. आणि फळ्या पूर्ण वाळू द्या. तोवर खोलीभर एकदा चालून बघा. जिथे करकर ऐकू येते तिथे आत्ताच स्क्रू मारून घ्या, नवी फरशी बसली की तिथवर हात पोचणार नाही.