तिसरे पाऊल
(सातारा येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बळी आणि वामनाची कथा आपण दानाची कथा म्हणून ऐकत आलो. आज ती मोजणीची कथा म्हणून वाचून पाहू. जमीन मागताना पाय बटूचा असतो आणि मोजताना त्रिविक्रमाचा होतो. शब्द तेच राहतात, माप बदलते. १९६४ साली कोयना धरण पूर्ण झाले आणि त्याच्या शिवसागर जलाशयाखाली ज्यांची गावे गेली, त्यांना हे माप ठाऊक आहे. कागदावर जमिनीचे क्षेत्र नोंदले जाते. त्या जमिनीवरची देवराई, पाणवठ्याची वाट, चार गावांतली सोयरीक यांना रकाना नसतो. राज्याचा पुनर्वसनाचा कायदा झाला १९७६ साली, म्हणजे धरण पूर्ण झाल्यावर बारा वर्षांनी.

कथेतला एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. हातावर पाणी सोडल्याशिवाय दान पुरे होत नाही, म्हणून ते थांबवायला शुक्राचार्य झारीच्या तोटीत जाऊन बसला आणि दर्भाच्या काडीने डोळा गमावून बाहेर आला. यात फसवणूक आहे हे बळीला सांगणारा तो एकटाच होता, आणि मराठीने मात्र ‘झारीतील शुक्राचार्य’ ही शिवी करून ठेवली. ‘पाणी सोडणे’ म्हणजे हक्क सोडणे, हेही आपलीच भाषा सांगते. (विस्थापितांसमोर हा वाक्प्रचार वापरताना माझी जीभ अडखळते.)

तत्त्वज्ञान मिथकाला हद्दपार करते, हा समज अर्धाच खरा आहे. प्लेटोने ‘रिपब्लिक’मध्ये आदर्श नगरातून कवींना घालवले आणि त्याच ग्रंथाचा शेवट एका मिथकाने केला. ज्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’त हीच कथा उलट बाजूने वाचली: बळी आपला राजा, वामन परका आक्रमक. इतिहास म्हणून त्यांची मांडणी आज जशीच्या तशी टिकत नाही, हे मान्य करायला हवे. तरीही, कथा सांगणारा कोणाच्या बाजूला उभा आहे, हा त्यांचा प्रश्न अस्सल तत्त्वज्ञानाचा आहे. तो प्रश्न त्यांच्याही आधी बायकांनी सोडवला होता. पुराणिक वामनाचा अवतार रंगवीत असताना त्याच गावातल्या बायका ओवाळताना म्हणत होत्या, ‘इडा पीडा टळो, बळीचं राज्य येवो.’ पाताळात घातलेल्या, म्हणजे विस्थापित केलेल्या राजाला त्यांनी कधी परका होऊ दिले नाही.

याच वाचनाला पुढे सांगली जिल्ह्यात दगडामातीचे रूप आले. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी-बलवडीच्या शेतकऱ्यांनी स्वतः धरण उभे केले. पैसा उभा करायला नदीतलीच वाळू विकली, पाणी जमिनीच्या नव्हे तर माणसांच्या हिशेबाने वाटावे आणि त्यात भूमिहीनालाही वाटा असावा असा आग्रह धरला, आणि धरणाला नाव दिले बळीराजा. हातावरच्या पाण्याने ज्याचे राज्य गेले, त्याच्या नावाने इथे पाणी अडवले आहे.