बातमी खरी असते, तरीही

नमस्कार मंडळी.

टीव्ही लोकांची डोकी फिरवतो, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. फिरलेलं डोकं मात्र कायम दुसऱ्याचं असतं. आपण स्वतः सगळं ओळखून असतो! मला विचाराल तर मतं उलटीपालटी करायची ताकद टीव्हीकडे आपण समजतो तेवढी नाही. कशावर मत बनवायचं आणि बोट कुणाकडे दाखवायचं, हे मात्र तो आपल्या नकळत ठरवून टाकतो. त्यासाठी खोटं बोलायचीही गरज पडत नाही.

अमेरिकेत १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅक्सवेल मॅकॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या अभ्यासकांनी चॅपेल हिल इथल्या, मत कुणाला द्यायचं हे अजून न ठरलेल्या १०० मतदारांना विचारलं, की आजचे महत्त्वाचे प्रश्न कोणते? त्याच दिवसांतल्या बातम्यांचीही त्यांनी मोजदाद केली. दोन्ही याद्या जवळजवळ सारख्या निघाल्या. आता, बातमीतलं मनात उतरलं की मनातलं बातमीत आलं, हे एवढ्यावरून सांगता येत नाही. म्हणून पुढे शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी प्रयोगच केले. नेहमीच्या बातमीपत्रात त्यांनी एखाद्या विषयाच्या बातम्या मुद्दाम वाढवल्या आणि ते लोकांना दाखवलं. संरक्षणाच्या बातम्या जास्त पाहिलेल्यांना देशापुढे संरक्षणाचा प्रश्न मोठा वाटू लागला, आणि राष्ट्राध्यक्ष चांगला की वाईट हेही ते त्याच मापाने मोजू लागले. कुणी त्यांना राष्ट्राध्यक्षांविरुद्ध एक शब्द सांगितला नव्हता.

अय्यंगार यांचं त्यानंतरचं काम मला याहून मोलाचं वाटतं. विषय गरिबीचा. काही प्रेक्षकांना अडचणीत सापडलेल्या एकाच माणसाची कहाणी दाखवली. इतरांना देशभरातल्या गरिबीचे आकडे आणि सरकारी योजनांची स्थिती दाखवली. आकडे पाहिलेले लोक समाजाला आणि सरकारला जबाबदार धरत होते. कहाणी पाहिलेले लोक त्या माणसालाच दोष देण्याकडे झुकले! बातमीदाराने कळवळून, डोळ्यांत पाणी आणून कहाणी सांगावी आणि बघणाऱ्याने म्हणावं, ‘याने वेळीच हातपाय हलवायला हवे होते.’ इथे कुणी ‘ध’चा ‘मा’ केलेला नाही. कहाणीही खरी, आकडेही खरे. पण बातमीपत्रात कहाण्यांचीच चलती असते, कारण कहाणीला चेहरा असतो आणि आकड्याला नसतो. धोरण आखणारे त्यामुळे बिनबोभाट सुटतात.

रात्रीची चर्चा आठवून बघा. पडद्याचे सहा तुकडे, प्रत्येकात एक चेहरा. खाली पट्टी सरकतेय, वर लाल अक्षरांत सकाळचीच बातमी अजून ‘ब्रेकिंग’ आहे. प्रश्न असा, की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच यावं. एखादा अभ्यासक ‘याचे दोन भाग आहेत’ म्हणतो न म्हणतो, तोच अँकर ‘थोडक्यात सांगा’ म्हणून दटावतो, आणि पहिल्याच भागावर जाहिराती सुरू. आपण म्हणतो, मालक विकला गेलाय. असेलही. पण निम्मं काम जमाखर्चाची वहीच करून टाकते. बातमीदार आणि कॅमेरामन महिनाभर एका घोटाळ्यामागे लावायचे, तर पैसा लागतो, वकील लागतो, आणि शेवटी हाती काही लागेलच असं नाही. सहा जणांना भांडायला बसवणं त्या मानाने फुकटात पडतं, आणि तास हमखास भरतो.

राजकारणी हे आपल्या आधी शिकले. डॅनियल हॅलिन यांनी अमेरिकी वाहिन्यांच्या निवडणूक बातम्या तपासल्या. उमेदवाराचं सलग बोलणं १९६८ साली सरासरी ४३ सेकंद ऐकवलं जायचं, १९८८ पर्यंत ते ९ सेकंदांवर आलं. नऊ सेकंदांत करप्रणाली समजावता येत नाही, टोमणा मारता येतो. मग टोमणे मारणारेच पुढे येतात.

केनेडी-निक्सन यांची गोष्ट प्रश्नोत्तरांत कुणीतरी काढणारच, म्हणून आधीच सांगते. अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या या दोन उमेदवारांची २६ सप्टेंबर १९६०ची ती चर्चा टीव्हीवर पाहिलेल्यांना केनेडी सरस वाटले आणि रेडिओवर ऐकलेल्यांना निक्सन, असं सांगतात. पण रेडिओच्या भागाला आधार आहे तो मुख्यतः एका खासगी पाहणीचा, आणि तिच्यात रेडिओ ऐकणारे फार थोडे होते. टीव्हीच्या ताकदीची सगळ्यात गाजलेली गोष्ट माध्यमांनीच सांगून सांगून पक्की केलेली आहे.

तरीही परिणाम मोजता येतो. फॉक्स न्यूज ही रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेली अमेरिकी वृत्तवाहिनी १९९६ साली सुरू झाली, पण अमेरिकेतल्या सगळ्याच गावांच्या केबलवर एकदम दिसू लागली नाही. स्तेफानो देलाविन्या आणि ईथन कॅप्लन यांनी ही वाहिनी दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या गावांचं मतदान ताडून पाहिलं. १९९६ ते २००० या काळात, वाहिनी दिसणाऱ्या गावांत रिपब्लिकन पक्षाची मतं ०.४ ते ०.७ टक्क्यांनी जास्त वाढली होती. एवढंच? हो, एवढंच. पण २००० साली फ्लोरिडाचा आणि पर्यायाने राष्ट्राध्यक्षपदाचा निकाल ५३७ मतांवर लागला.

इटलीतला अभ्यास तर बातम्यांबद्दल नाहीच. पुढे इटलीचे पंतप्रधान झालेल्या सिल्व्हिओ बेर्लुस्कोनी यांच्या वाहिन्या १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काही भागांत आधी पोहोचल्या, काही भागांत उशिरा. तेव्हा त्यांवर बातम्या जवळजवळ नव्हत्याच, सगळी करमणूक. बेर्लुस्कोनी राजकारणात उतरलेही नव्हते. १९९४ साली ते पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा जिथे वाहिन्या आधी पोहोचल्या होत्या तिथे त्यांच्या पक्षाला जवळपास एक टक्का मतं जास्त पडली, आणि तो फरक पुढच्या निवडणुकांतही टिकला. जास्त परिणाम झाला तो खूप टीव्ही बघणाऱ्यांवर, म्हणजे तेव्हाच्या लहान मुलांवर आणि म्हाताऱ्यांवर. आपण घरात रिमोटवरून वाद घालतो तो बातम्यांच्या वेळी. उरलेल्या वेळी तो कुणाच्याही हातात असतो.