रोजचा डोस

(दृश्य : बाळाचा हात, अगदी जवळून. बोटं सुजलेली.)

नऊ महिन्यांचं बाळ. बोटं टम्म सुजलीत, नुसता हात लावला तरी किंचाळतं. कुठे पडलेलं नाही, काही चावलेलं नाही. सिकलसेल या रक्ताच्या आजाराची पहिली खूण पुष्कळ घरांत अशीच दिसते.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली रक्ताचा थेंब.)

या मुलांच्या हिमोग्लोबिनमध्ये एक अमिनो आम्ल बदललेलं असतं. एकच. पण ऑक्सिजन सोडला की ते हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि मऊ, गोल तांबडी पेशी विळ्यासारखी ताठ वाकते. बारीक रक्तवाहिनीत अशा पेशी तुंबल्या की पुढच्या हाडाला रक्त पोहोचत नाही. कळा येतात त्या इथून.

मग आजवर बाळ ठणठणीत कसं होतं? न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ मध्ये याचं उत्तर सुचवलं : गर्भातलं हिमोग्लोबिन जन्मानंतरही काही महिने बाळाला सांभाळतं. ते ओसरलं की दुखणं डोकं वर काढतं.

हायड्रॉक्सीयुरिया हे औषध त्याच ओसरलेल्या हिमोग्लोबिनला पुन्हा वाढवतं. कर्करोगावर ते फार आधीपासून वापरात होतं, आणि आईबापांच्या पोटात गोळा येतो तो हे ऐकूनच. त्यांची भीती हसण्यावारी नेऊ नये. या औषधानं पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात, म्हणून सुरुवातीला साधारण दर महिन्याला रक्त तपासतात, पुढे दोन-तीन महिन्यांनी. पेशी फार उतरल्या तर औषध थांबवतात. बहुधा त्या पुन्हा भरून येतात.

२०११ मध्ये ९ ते १८ महिन्यांच्या बाळांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कळा कमी झाल्या, बोटं सुजणंही. २०१४ पासून अमेरिकेतल्या तज्ज्ञांचा सल्ला आहे की सिकलसेलच्या तीव्र प्रकारात नऊ महिन्यांपुढच्या प्रत्येक बाळासाठी, दुखणं सुरू झालं नसलं तरी, या औषधाचा विचार व्हावा. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या मुलांमध्ये कळांबरोबर मलेरिया आणि मृत्यूही घटल्याचं दिसलं.

(दृश्य : औषधाची बाटली, मापाची पिचकारी.)

सोबत पेनिसिलिन. या मुलांची प्लीहा, म्हणजे रक्तातले जंतू गाळणारा पोटातला अवयव, लहानपणीच निकामी होते, त्यामुळे न्यूमोकोकस या जंतूचा संसर्ग काही तासांत जीव घेऊ शकतो. १९८६ च्या चाचणीत दिवसातून दोनदा पेनिसिलिन दिल्यावर हे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटले. फरक इतका उघड होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. मूल किमान पाच वर्षांचं होईपर्यंत ते चालू ठेवतात, लसीही देतात. तरीही ताप आला तर घरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

खरी अडचण निराळीच. हायड्रॉक्सीयुरियाचा पुरता गुण यायला काही महिने लागतात, आणि गुण आला की डोळ्यांना दिसण्यासारखं काहीच घडत नाही. मूल खेळतं, जेवतं, झोपतं. मग घरात कुणीतरी म्हणतं, आता कशाला रोज औषध? कित्येकदा बाटली तिथेच फडताळात राहते, आणि काही आठवड्यांनी कळा परत येतात.

(दृश्य : वजनकाटा.)

तेच बाळ, आता अडीच वर्षांचं. काट्यावर उभं राहायला तयार नाही. आईनं बोट धरलंय. गेल्या खेपेला ११ किलो होतं, आज १३. डोस किलोमागे २० मिलिग्रॅम. डॉक्टर कागदावरचा २२० हा आकडा खोडतात आणि शेजारी लिहितात, २६०.