फाटकाच्या आतला हिशेब

(कोल्हापूर येथे राजर्षी शाहू स्मारक भवनात उद्योजक व मनुष्यबळ अधिकाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

उद्योजक बंधुभगिनींनो,

माझ्या व्याख्यानाचा विषय ‘उद्योगप्रमुखाची सामाजिक बांधिलकी’ असा छापला आहे. एवढ्या मोठ्या विषयातून मी एकच गोष्ट उचलणार आहे. कारखान्याच्या फाटकाबाहेर जाऊन सेवा करणे आपल्याला जितके सोपे वाटते, तितके फाटकाच्या आत सर्वांना जागा करून देणे वाटत नाही, आणि पुष्कळदा बाहेरच्या सेवेच्या आडोशाला आतली उणीव झाकली जाते.

कायद्याच्या रचनेमुळेही ही सवय बळावते. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ज्या कंपनीचे निव्वळ मूल्य ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपयांचा टप्पा गाठतो, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. केवळ आपल्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च मात्र त्यात धरता येत नाही. हे योग्यच आहे, नाहीतर आपल्यापैकी काहींनी कँटीनचे पत्रेसुद्धा समाजसेवेत दाखवले असते! पण परिणाम असा झाला आहे की शाळेला दिलेल्या बाकांचे छायाचित्र वार्षिक अहवालात येते आणि स्वतःच्या कार्यालयासमोरच्या तीन पायऱ्यांना उतार बांधण्याचा खर्च कोणाच्याच डोळ्यांसमोर येत नाही.

या तीन पायऱ्या मी कल्पनेतून आणलेल्या नाहीत. मी एका फौंड्रीत, म्हणजे धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यात, मनुष्यबळ विभाग सांभाळत असताना लेखा विभागातील जागेसाठी चाकाच्या खुर्चीवरून एक मुलगी मुलाखतीला आली होती. वाणिज्य शाखेची पदवीधर, टॅली या हिशेबाच्या संगणकप्रणालीवर हात बसलेला, बोलणे नेमके. तिला दोघा कामगारांनी खुर्चीसकट उचलून आत आणले, आम्ही अदबीने मुलाखत घेतली, चहा दिला आणि नंतर ‘कळवतो’ म्हणून पाठवून दिले. लेखा विभाग वरच्या मजल्यावर आहे, हे कारण आम्ही आपापसांत पुरेसे मानले. टेबल खाली आणता येते, हे त्या दिवशी आमच्यापैकी कोणाला सुचले नाही. खरे सांगायचे तर सुचवून घ्यायची इच्छा नव्हती. त्याच वर्षी आम्ही एका अपंग मुलांच्या संस्थेला धान्य आणि ब्लँकेट दिली होती, आणि ती द्यायला मीच गेलो होतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा. त्याने दिव्यांगत्वाचे ७ प्रकार वाढवून २१ केले आणि सरकारी नोकऱ्यांतील राखीव जागा ३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर नेल्या. खासगी कारखान्यावर अशी सक्ती नाही. मात्र २० किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधी धोरण जाहीर करावे, कोणती पदे दिव्यांगांना योग्य आहेत ते त्यात नमूद करावे आणि त्यासाठी संपर्क अधिकारी नेमावा, असे नियम सांगतात. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या औद्योगिक वसाहतींतील असंख्य कारखाने कलम १३५ च्या कक्षेत येणार नाहीत, पण २० माणसांच्या कक्षेत आरामात येतील. फौंड्रीत हे शक्य नाही, असे मला नेहमी ऐकवले जाते. भट्टीजवळ किंवा फेटलिंगच्या, म्हणजे ओतलेले भाग घासून साफ करण्याच्या, कामात मर्यादा आहेत, हे मान्य. परंतु स्टोअर, तपासणी, टाइम ऑफिस, डिझाइन, खरेदी या कामांचे काय? यंत्राच्या भोंग्याला दिव्याची जोड दिली, तर ऐकू न येणारा ऑपरेटर सीएनसीवर, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रावर, काम करू शकतो.

आपल्या गावात ही गोष्ट नवी असू नये. नसीमा हुरजूक यांनी स्वतः चाकाच्या खुर्चीवर वावरत १९८४ साली कोल्हापुरात ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. अशा संस्थांकडे आपण देणगीदार म्हणून जातो. माणसे मागायला फारसे जात नाही.

आणि ज्यांच्या नावाच्या सभागृहात आपण बसलो आहोत, त्यांचा २६ जुलै १९०२ चा जाहीरनामा पाहा. महाराज तेव्हा विलायतेत होते. संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा ठेवण्याचा हा हुकूम सर्वांना ठाऊक आहे. त्याचा शेवटचा भाग मात्र कमी वाचला जातो: अशा नेमणुकांचे त्रैमासिक पत्रक प्रत्येक खातेप्रमुखाने सादर करावे. केवळ इच्छा जाहीर करून महाराज थांबले नाहीत. खात्याच्या प्रमुखाला दर तीन महिन्यांनी उत्तर द्यावे लागेल, अशी तजवीज त्यांनी केली. दलित समाजातील गंगाराम कांबळे यांच्या हॉटेलात जाऊन महाराज चहा घेत, ही आठवण आपण कौतुकाने सांगतो. ती सांगताना या पत्रकाचाही उल्लेख व्हावा, असे मला वाटते, कारण राजाने चहा घेतला म्हणून कारभाऱ्यांची सवय आपोआप बदलत नसते.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न तर याहून अवघड आहे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात आपल्या अनेक कारखान्यांनी पूरग्रस्तांना मदत पोहोचवली. शिरोलीजवळ महामार्ग बंद असताना कामावर येऊ न शकलेल्या कंत्राटी माणसांचे खाडे कसे धरले, हा प्रश्न मी प्रत्येकाला आपल्याच हजेरीपटाला विचारायला सांगतो. पूरग्रस्त आणि गैरहजर या दोन याद्यांत एकच नाव सापडू शकते.

त्या मुलाखतीनंतर बऱ्याच उशिराने आम्ही महाराजांच्या हुकमातल्यासारखे एक त्रैमासिक पत्रक सुरू केले. स्त्रिया, दिव्यांग आणि कंत्राटी कामगार यांच्यापैकी किती जण आले, किती सोडून गेले, किती कायम झाले आणि किती जणांना बढती मिळाली, एवढेच चार रकाने. पहिल्या तिमाहीत बढतीचा रकाना पूर्ण रिकामा होता. तो संचालकांपुढे ठेवण्याआधी काढून टाकावा, अशी सूचना मला झाली. मी तो ठेवला. बैठकीत त्या पानावर कोणी काही बोलले नाही, आणि पुढचा विषय घेण्यात आला. पुढच्या तिमाहीत कोअर शॉपमधील (साच्याच्या आत बसणारे वाळूचे गाभे बनवणाऱ्या विभागातील) एका बाईंचे नाव पर्यवेक्षक पदासाठी आले. ते सुचवले होते, रकाना काढा म्हणणाऱ्या व्यवस्थापकांनीच.