बाबागाडीचं दुसरं टोक

(म्युनिकच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोलताना जे दोनदा बोलले गेलं ते काढलंय, बाकी तसंच ठेवलंय.)

नमस्कार मंडळी! जाऊबाईंनी सकाळी सांगितलं की पाच मिनिटं बोलायचंय, विषय तू ठरव. आता नागपूरच्या माणसाला पाच मिनिटं म्हणजे प्रस्तावनेलाही पुरत नाहीत, तरी बघते. मला आभार मानायचेत, पण पंचाईत अशी की ज्यांचे मानायचे त्यातलं इथे कोणीच बसलेलं नाही, एकाचंही नाव मला माहीत नाही, आणि ते लोक मला विसरूनही गेले असतील.

मी धरमपेठेत राहते, माहेर महालातलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकला की माणूस कूलरसमोरून हलत नाही, त्यात दीर-जाऊ तीन वर्षांपासून या या म्हणून राहिले होते, म्हणून निघालो. यांना सुट्टी नाही, तेव्हा मी, सासूबाई, पाच वर्षांची पोरगी अन् सव्वा वर्षाचा पोरगा. सासूबाईंचे गुडघे वेगळे धरा, त्यांची वेगळी सोय करावी लागते. (आई, हसू नका, खरं तेच सांगते आहे.)

निघताना जो भेटला त्यानं एकच ऐकवलं. तिकडं कोणी कोणाचं नसतं बापा, सांभाळून जा. माझी मावशी तर म्हणाली, आपल्या विदर्भ एक्सप्रेसमध्ये लेकरू रडलं तर पाच जणी घ्यायला हात पुढे करतात, तिकडं कोणी ढुंकून बघणार नाही. आता विदर्भ एक्सप्रेसचं खरंच आहे, गोंदियापासून मुंबईपर्यंत माझी पोरगी लोकांच्या मांडीवरच गेलेली आहे, खालचा बर्थ न मागता मिळालाय. पण दुसरं अर्धं जे आहे ना, ते मात्र विमान म्युनिकला उतरायच्या आधीच खोटं ठरलं. विमान खाली यायला लागलं तसा धाकटा कान धरून असा काही ओरडायला लागला की मलाच रडू यायला लागलं, तर पलीकडच्या सीटवरच्या एका जर्मन आजीनं मला खुणेनं बाटली दाखवली, पाजा पाजा म्हणून. गिळलं की घसा अन् कान जोडणारी नळी उघडते आणि दाब कमी होतो, हे मी वाचलेलं होतं, पण त्या गोंधळात वाचलेलं कुठं आठवतं? बाटली तोंडात गेली, पोट्टा शांत. आजी परत आपल्या शब्दकोड्यात.

इथून आम्ही ट्रेननं ब्रेनर खिंडीतून व्हेरोना, आणि तिथून व्हेनिस. व्हेनिसला बाबागाडी घेऊन जाऊ नका असं इथल्या दोघा-तिघांनी सांगितलं होतं, त्यांचं बरोबरच होतं. चारशेच्या वर पूल आहेत त्या गावात, अन् बहुतेक पुलांना पायऱ्या. स्टेशनच्या बाहेर पाय ठेवला की समोर कालवा आणि डावीकडे स्काल्झीचा पूल, दगडी, उंच, चढा अन् उतरा. पण सव्वा वर्षाचं दहा किलोचं धूड कडेवर घेऊन दुसऱ्या हातानं सासूबाईंना धरायचं, हे तरी कसं जमणार, म्हणून नेलीच गाडी.

तर मंडळी, मी तिथे एकही पूल एकटीनं चढले नाही. मागितली नाही मदत, मला मागताच येत नाही, आपल्याकडे लहानपणापासून कशाला कोणाला त्रास हेच शिकवलेलं असतं. मी पहिल्या पायरीशी थांबून गाडी तिरपी करायला लागले की कोणीतरी येऊन पुढची चाकं उचलायचंच. कॉलेजची पोरं, एक सूटबूटवाला, एक बाई जिच्या स्वतःच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या, तिनं त्या सरळ माझ्या पोरीच्या हातात दिल्या! पण मला जो लक्षात राहिला तो सामान पोचवणारा माणूस. व्हेनिसमध्ये मोटारी नाहीत ना, तर दुकानांचा माल बोटीनं येतो आणि तिथून हे लोक हातगाड्यांवर नेतात, त्या गाड्यांना पुढे दोन छोटी जास्तीची चाकं असतात, पायऱ्यांवर टेकवायला. हा गडी पाण्याच्या बाटल्यांच्या क्रेटांनी भरलेली गाडी घेऊन "आत्तेन्त्सिओने, आत्तेन्त्सिओने" ओरडत येऊन राहिला होता, म्हणजे बाजूला व्हा. मी झाले बाजूला. त्यानं आपली गाडी पुलाच्या पायथ्याशी भिंतीला लावली, माझ्या गाडीचं पुढचं टोक धरलं आणि उलटा, म्हणजे पाठीकडून, पायऱ्या चढला, कारण पोराकडे तोंड करून त्याला हसवायचं होतं. पलीकडे उतरवून दिलं, पोराच्या गालाला एक बोट लावलं, परत पूल ओलांडून गेला आणि मग तीच अवजड गाडी ओढत तोच पूल तिसऱ्यांदा चढला. मी ग्रात्सिए ग्रात्सिए म्हणत उभी. सासूबाई म्हणाल्या, अगं याला चहाला तरी विचार. कुठे विचारणार होते मी चहाला, धरमपेठेत?

व्हेरोनाचं वेगळंच. पोरगी दोन दिवस पिझ्झा-पास्ता खाऊन कंटाळली, पोट बिघडलं, आणि हॉटेलात बसून भात पाहिजे म्हणून भोकाड पसरलं. मी मेनूत रिसोटो बघत होते, तर त्यात वाईन, चीज, काय काय. वाढणाऱ्या काकांनी पोरीच्या पोटावरचा हात पाहिला, आत गेले, अन् थोड्या वेळानं एक खोलगट ताटली आणली, नुसता मऊ पांढरा भात, त्यावर जरासं ऑलिव्ह तेल. रीझो इन बियांको म्हणतात त्याला, तिकडे पोट बिघडलं की घरोघरी हेच देतात. व्हेरोनाच्या आसपास भाताची शेती आहे हेही तेव्हाच कळलं, मला वाटायचं इटलीत नुसता गहू. पोरीनं तूप मागितलं, त्यांनी लोण्याचा तुकडा आणून दिला. बिलात तो भात नव्हता. मी दाखवलं की हा राहिला, तर हात असे झटकले की मलाच ओशाळल्यासारखं झालं.

आणि इथलं, तुमच्या गावातलं एक सांगते. रविवारची रात्र, पोराला ताप. आम्हाला वाटलं मेडिकल बंद म्हणजे संपलं. जाऊबाई म्हणाल्या, तसं नसतं, पाळीपाळीनं एकेक दुकान रात्रभर सुरू असतं आणि आज कुणाची पाळी ते बंद दुकानाच्या दारावर लिहिलेलं असतं. गेलो. दार बंद, बेल वाजवली की एक छोटी खिडकी उघडते. आतल्या बाईनं वय नाही विचारलं आधी, वजन विचारलं, कारण लहान मुलांचा डोस वजनावर. रात्रीचे अडीच युरो जास्तीचे घेतात, ते घेतले, नियम तो नियम. पण मग आमचे चेहरे बघून तिनं औषधाच्या डब्यावर पेननं घड्याळं काढून दिली, किती वाजता आत्ताचा, किती वाजता पुढचा, रात्रीच्याजवळ चंद्र, सकाळच्याजवळ सूर्य, आणि जास्त काय झालं तर 116117 ला फोन करा म्हणून नंबर. आता ते औषध होतं खालून द्यायचं, इथे लहान मुलांना सर्रास तेच देतात, अन् सासूबाई विचारतात, हे चघळायचं का गं? त्या खिडकीतली बाई मराठी न समजताही हसली.

सगळंच गोड होतं असं नाही हं. ट्रेनमध्ये एका गृहस्थांनी पोरगा रडला म्हणून मागे वळून जे डोळे वटारले ते मी विसरलेली नाही. असतात असे, विदर्भ एक्सप्रेसमध्येही असतात, फक्त तिथे बाकीचे पाच जण त्यांना गप्प करतात.

पण मी विचार करून राहिले होते की चांगुलपणा काय फक्त समोर येऊन गाडी उचलणाऱ्याचाच असतो का. आम्ही बर्लिनला गेलो त्या आयसीईमध्ये, म्हणजे इथल्या वेगवान ट्रेनमध्ये, लहान लेकरांचं वेगळं कंपार्टमेंट होतं, बाबागाडी लावायला जागा, पोरं लोळली तरी कोणी काही म्हणत नाही, आणि सहा वर्षांच्या आतल्या मुलांना तिकीटच नाही. हे कोणीतरी कधीतरी एखाद्या मीटिंगमध्ये बसून, भांडून, मंजूर करून घेतलं असणार. त्या माणसाचे आभार कोण मानतं? आपण फक्त लिफ्ट बंद असली की शिव्या देतो. नागपूरला 2019 ला मेट्रो आली, सीताबर्डीला इंटरचेंज आहे, लिफ्ट आहे, आतमध्ये बाबागाडी मस्त चालते. स्टेशनच्या बाहेर फुटपाथवर मात्र ती दहा पावलं नेऊन दाखवा! म्हणून आमच्याकडे अजून माणसंच उचलतात. माणसं उचलतात हे चांगलंच आहे, पण आपल्याकडे माणुसकी अन् तिकडे नुसती शिस्त, हे जे आपण गच्चीत बसून म्हणत असतो ना, ते आता माझ्यासमोर कोणी बोलू नये.

आता शेवटचं, अन् हे माझं नाही, जाऊबाईंचं आणि माझं मिळून आहे. इथे गाडीत बारा वर्षांच्या आतलं आणि दीडशे सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीचं मूल कार सीटशिवाय बसवता येत नाही. आम्ही उतरलो तेव्हा दोन सीटा अन् ही बाबागाडी, तिन्ही वस्तू तुमच्यातल्याच कोणाच्या तरी केलरमधून आल्या होत्या. तुमच्या तळघरात आणखी किती धूळ खात पडल्यात ते तुम्हालाच माहीत. तर चहाच्या टेबलापाशी एक वही ठेवलीय, त्यात तुमच्याकडची वस्तू, किती वर्षांच्या मुलासाठी आणि फोन नंबर एवढं लिहा, सीटला ठोकर लागलेली असेल, ॲक्सिडेंटमधली असेल तर मात्र नका लिहू. दुसऱ्या पानावर, एअरपोर्टला घ्यायला कोण जाऊ शकतं ते. पुढच्या महिन्यात अमरावतीहून एक बाई जुळी पोरं घेऊन एकटी येणार आहे, तिच्यासाठी दोन सीटा आधी पाहिजेत.

बाकी सांबारवडी आईंनी सकाळपासून तळलीय, सांबार, म्हणजे कोथिंबीर, टर्किश दुकानातला आहे, वास जरा कमी येतो, पण गरम आहे तोवर घ्या, आणि वही तिथेच आहे.